काचेतली चिमूट

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पुळणीवर काळ्या रेघा उमटलेल्या दिसतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासमोरची वाळू तर मुळातच काळसर आहे. ही वाळू सह्याद्रीची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, पावसाने झिजतो. अंबा, कुंडलिका, सावित्री या नद्या त्याचा चुरा खाड्यांत आणून टाकतात. मग लाटा हलके कण वाहून नेतात आणि जड कण मागे राहतात. त्यांवरून लोहचुंबक फिरवला तर मॅग्नेटाइटचे कण मिशीसारखे चिकटतात. उरलेल्यांत इल्मेनाइट असते, म्हणजे पुन्हा लोखंडच, सोबत टायटॅनियम. केरळ आणि तमिळनाडूच्या दक्षिण टोकाला किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आणखी एक खनिज सापडते, पिवळसर तपकिरी रंगाचे मोनाझाइट. तिकडचे डोंगर ग्रॅनाइट आणि नाइस जातीच्या जुन्या खडकांचे असल्याने तिथे ते आहे. बेसॉल्टच्या झिजेतून ते मिळत नाही, म्हणून कोकणच्या वाळूत त्याची अपेक्षाही ठेवता येत नाही.

मोनाझाइटमध्ये निम्म्याहून अधिक भाग दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या संयुगांचा असतो. सेरियम, लँथॅनम, निओडिमियम, अर्बियम, यटर्बियम ही त्या कुळातली नावे. रायगडच्या किनाऱ्याला ही मूलद्रव्ये स्वतःच्या वाळूतून मिळाली नाहीत. ती तिथे आली प्रकाशाची साधने बनून: आधी गॅसबत्तीच्या मँटलमधून, मग मुंबई बंदराच्या पलीकडच्या काठावर उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळांमधून आणि अखेरीस समुद्रतळावर टाकलेल्या काचेच्या तंतूंमधून. तिन्ही वेळा त्यांचे प्रमाण चिमूटभरच होते.

पहिला टप्पा ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याच्यापासून सुरू होतो. १८८५ साली त्याने दोन कामे केली. ‘डिडिमियम’ नावाने एकच समजले जाणारे द्रव्य फोडून त्याने त्यातून प्रासिओडिमियम आणि निओडिमियम ही दोन मूलद्रव्ये वेगळी काढली, आणि गॅसच्या ज्योतीवर बसवण्याच्या जाळीचे, म्हणजे मँटलचे, पेटंट घेतले. सुरुवातीची मँटल मंद आणि हिरवट प्रकाश देत. १८९१ पर्यंत त्याला योग्य मिश्रण सापडले. त्यात नव्याण्णव भाग थोरियम ऑक्साइड होते आणि एक भाग सेरियम ऑक्साइड. थोरियम दुर्मिळ मृदांच्या कुळातले नव्हे, पण मोनाझाइटमध्ये ते त्यांच्या सोबतच असते. नुसत्या थोरियमच्या जाळीतून फारसा प्रकाश मिळत नाही आणि सेरियम जास्त पडले तरी तो उतरतो. सेरियमचे काम डाळीतल्या हिंगासारखे, मापातच लागणारे.

१९०९ साली शोम्बर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाने त्रावणकोरहून निर्यात होणाऱ्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट ओळखले. युरोपातले मँटल-उद्योग तेव्हा याच खनिजाच्या शोधात होते, त्यामुळे तिथून वाळूची जहाजे सुटू लागली. ती वाळू शुद्ध होऊन मँटलच्या रूपाने पुन्हा हिंदुस्थानात विकायला येत असे. वीज नसलेल्या कोकणातल्या गावांत रॉकेलवर चालणारी पेट्रोमॅक्स, म्हणजेच गॅसबत्ती, लग्नाची वरात, जत्रा, कीर्तन, नाटकाचा फड आणि बंदरावरची मासळीची उतारी यांचा मोठा दिवा ठरली. ती पेटवायला सरावलेला माणूस लागे. सुती जाळीची पांढरी पिशवी बर्नरच्या तोंडाला दोऱ्याने आवळून बांधायची. मग पेटवून ती पुरती जळू द्यायची. कापड जळून गेले की थोरियम आणि सेरियम यांच्या ऑक्साइडचा नाजूक सांगाडा तेवढा उरतो. त्यानंतर पंप मारून रॉकेलची वाफ सोडली की तो सांगाडा पांढरा शुभ्र तळपू लागतो. बत्तीला धक्का लागला किंवा त्यावर पाण्याचा थेंब पडला की मँटल गळून पडे, म्हणून बत्ती डोक्यावर घेऊन चालणाऱ्याच्या खिशात जादा मँटल असे. याच किनाऱ्यासमोरच्या खांदेरी बेटावरचे दीपगृह १८६७ सालचे, म्हणजे मँटलच्या आधीचे. पुढे जगभरच्या अनेक दीपगृहांनी वातीची जागा मँटलला दिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर थोरियमला अणुऊर्जेच्या दृष्टीने महत्त्व आले आणि मोनाझाइट परदेशी पाठवणे थांबले. १९५० साली इंडियन रेअर अर्थ्‌स ही कंपनी स्थापन झाली. केरळात आलवे येथे मोनाझाइट फोडण्याचा कारखाना डिसेंबर १९५२ मध्ये सुरू झाला. तिथून निघालेले थोरियम शुद्ध करण्याचा कारखाना १९५५ मध्ये ट्रॉम्बेला उभा राहिला आणि देशातल्या मँटल बनवणाऱ्यांना थोरियम नायट्रेट तिथूनच मिळू लागले. उरणच्या मोरा बंदराच्या लाँचमधून किंवा घारापुरीच्या धक्क्यावरून समोर दिसतो तोच हा ट्रॉम्बेचा डोंगर. म्हणजे रायगडच्या एखाद्या गावातल्या वरातीच्या दिव्यातले द्रव्य खाडीपलीकडच्या अणुऊर्जा विभागाच्या कारखान्यातून आलेले असण्याचा पुरेपूर संभव होता. या उद्योगाचा हा घरगुती भाग फारसा सांगितला जात नाही. अणुभट्ट्यांच्या इतिहासात तो झाकला गेला आहे.

दुर्मिळ मृदांची खरी अडचण त्या मिळवण्यात नसून एकमेकींपासून सोडवण्यात आहे. कुळातली सर्व मूलद्रव्ये रासायनिक वागणुकीत जवळजवळ सारखी, कारण त्यांचा परस्परांतला फरक अणूच्या आतल्या एका कवचात दडलेला असतो. बाहेरचे इलेक्ट्रॉन सर्वांचे सारखेच असतात आणि रसायनक्रिया त्यांच्यावरच ठरतात. पण जे वेगळे करताना अडते तेच प्रकाशाच्या कामी येते. आतल्या कवचावर बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचे पांघरूण असल्याने भोवतालचे द्रव्य काहीही असले तरी त्या मूलद्रव्याचे रंग फारसे बदलत नाहीत. निओडिमियमचा अणू काचेत असो वा स्फटिकात, जवळपास एकाच तरंगलांबीचा प्रकाश देतो. शिवाय ऊर्जा शोषल्यावर तो ती लगेच टाकून देत नाही, काही काळ धरून ठेवतो. लेसरला नेमके हेच हवे असते.

थिओडोर मेमनने १९६० साली माणकाचा पहिला लेसर चालवला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत एलायस स्निट्झरने निओडिमियम घातलेल्या काचेतून लेसर मिळवला. स्फटिक वाढवायला वेळ लागतो आणि त्याच्या आकाराला मर्यादा असते. काच वितळवून ओतता येते, हव्या त्या मापाची लादी करता येते आणि तिच्यात निओडिमियम सगळीकडे सारखे पसरते. मोठ्या ऊर्जेच्या लेसरांनी म्हणूनच काच पत्करली. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर प्रयोगशाळेने १९७७ साली वीस शलाकांचा काचेचा लेसर उभारला आणि त्याला अनेक हातांच्या देवाचे, ‘शिवा’चे, नाव दिले. त्याच प्रयोगशाळेच्या १९२ शलाकांच्या यंत्रात निओडिमियम असलेल्या फॉस्फेट काचेच्या तीन हजारांवर लाद्या आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये या यंत्राने इंधनाच्या गोळीवर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकून संमीलनातून ३.१५ मेगाज्यूल मिळवली.

ट्रॉम्बेत लेसरचे काम १९६० च्या दशकातच सुरू झाले. पहिला लेसर गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाचा होता आणि ट्रॉम्बे ते कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था असा सुमारे वीस किलोमीटरचा संदेश त्याच्या प्रकाशावर पाठवून पाहण्यात आला. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्रात निओडिमियम काचेचे लेसर प्लाझ्माच्या प्रयोगांसाठी वापरले गेले. केंद्राच्या लेसर विभागाचे डॉ. दिलीप भवाळकर १९८० च्या दशकात इंदूरला उभ्या राहिलेल्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राचे पहिले संचालक झाले आणि देशातले लेसरचे मोठे काम तिकडे सरकले. लेसरची काच देशात बनवण्याचे प्रयत्न ट्रॉम्बे आणि कोलकात्याची मध्यवर्ती काच व सिरॅमिक संशोधन संस्था या दोन्ही ठिकाणी झाले. काम चिकाटीचे आहे. काच प्लॅटिनमच्या भांड्यात वितळवली तर भांड्याचे सूक्ष्म कण तिच्यात उतरतात आणि लेसरच्या पहिल्या जोरदार झोताला त्या जागी काच तडकते. काचेत ओलावा राहिला तर निओडिमियमने धरलेली ऊर्जा प्रकाश न होता उष्णता होऊन जाते.

काचेतल्या नको असलेल्या द्रव्याची गोष्ट महाराष्ट्राला तशी जुनीच. स्वदेशीच्या चळवळीतून, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून, १९०८ साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंड काच कारखाना निघाला. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगलेवाडीचा कारखाना आला आणि त्याच्या प्रभाकर कंदिलाने मराठी घरे उजळली. अशा कारखान्यांत वाळूतल्या लोखंडाशी रोजची झुंज असते. लोखंड जरासे वाढले की काचेला हिरवी झाक येते. चिमणीला किंवा बाटलीला ते चालून जाते. खिडकीची तावदानेही समोरून पारदर्शक दिसतात, कडेने पाहिली की हिरवी. पण प्रकाशाला काचेतून कित्येक किलोमीटर जायचे असेल तर लोखंडाचा अंशही चालत नाही. चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली हेच दाखवले. प्रकाश विझतो तो काचेमुळे नाही, तिच्यातल्या अशुद्धीमुळे, असे त्यांचे म्हणणे होते. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीने पहिला कामाचा तंतू ओढला. १९७९ पर्यंत जपानमध्ये हा ऱ्हास किलोमीटरला ०.२ डेसिबलपर्यंत खाली आला, म्हणजे एका किलोमीटरमागे जेमतेम पाच टक्के प्रकाश कमी होणे. त्याच वर्षी पुण्यात दोन टेलिफोन एक्स्चेंजांच्या दरम्यान देशातली पहिली प्रकाशीय तंतूची जोडणी झाली. मराठवाड्यात वाळूज आणि शेंद्र्याला आता असे तंतू आणि त्यांसाठीची काच कारखान्यात बनते.

मुंबईच्या किनाऱ्याला समुद्री तारेची सवय मात्र त्याहून कितीतरी जुनी. त्या काळचे जगातले सर्वांत मोठे जहाज ‘ग्रेट ईस्टर्न’ फेब्रुवारी १८७० मध्ये मुंबईहून निघाले आणि एडनपर्यंत तार टाकत गेले. जूनपर्यंत लंडन ते मुंबई ही ओळ बहुतांश पाण्याखालून पुरी झाली. तारेच्या गाभ्यात तांबे होते, त्यावर गटापर्चाचे वेष्टण आणि बाहेर लोखंडी तारांचे चिलखत. एवढ्या लांबून येणारा प्रवाह इतका क्षीण असे की तो वाचायला विल्यम थॉमसनचे आरशाचे गॅल्व्हनोमीटर लागे. त्यात प्रवाह आला की इवलासा आरसा हलतो आणि भिंतीवर पडलेला प्रकाशाचा ठिपका डावी-उजवीकडे सरकतो. तारमास्तर त्या ठिपक्यावरून अक्षरे जुळवत. कापसाचे भाव लिव्हरपूलहून मुंबईला त्याच दिवशी कळू लागले आणि पेढ्यांचा कारभार बदलला.

तांब्याच्या तारांची मक्तेदारी पुढे बिनतारी यंत्रणेने मोडली. १९२७ मध्ये खडकी आणि दौंडच्या केंद्रांतून इंग्लंडशी संदेश सुरू झाले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्नर तालुक्यातल्या आर्वीचे उपग्रह केंद्र आले. १९९४ साली सी-मी-वी-२ ही तार मुंबईला लागली तेव्हा भारत पहिल्यांदा समुद्राखालच्या काचेच्या तंतूने जगाशी जोडला गेला.

त्या तारेत एक अवघड जागा होती. तंतू कितीही निर्मळ असला तरी शंभर किलोमीटरनंतर प्रकाशाचा शंभरावा भागच उरतो. म्हणून वाटेत ठरावीक अंतरावर समुद्रतळाशी यंत्रे बसवावी लागत. ती येणारा प्रकाश विजेत बदलत, संदेश साफ करून घेत आणि नव्या लेसरने पुन्हा प्रकाशात पाठवत. हे सारे एका ठरावीक गतीसाठी बांधलेले असल्याने तार एकदा समुद्रात गेली की तिची क्षमता कायमची ठरून जाई. सी-मी-वी-२ साठी ती प्रत्येक तंतुजोडीमागे सेकंदाला ५६ कोटी बिट एवढी होती.

यावरचा तोडगा अर्बियमने दिला. १९८७ साली इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्बियम घातलेल्या तंतूने प्रकाश थेट वाढवून दाखवला. जवळपास त्याच सुमाराला बेल प्रयोगशाळेत एमान्युएल देसुर्व्हिर यांचेही हे काम चालले होते. तंतूतून प्रकाश वाढवण्याची कल्पना स्निट्झरने १९६० च्या दशकातच करून पाहिली होती, पण तेव्हा ती निओडिमियमवर होती आणि वाहून न्यायला योग्य असा तंतूच नव्हता. अर्बियमचे भाग्य असे की ते जो प्रकाश देते त्याची तरंगलांबी १५५० नॅनोमीटरच्या आसपास असते आणि काचेत सर्वांत कमी ऱ्हास होणारी जागाही नेमकी तीच. निसर्गातला हा मेळ नसता तर आजचे इंटरनेट या रूपात उभे राहिले नसते, असे निर्धास्त म्हणता येते.

ही काच बनवण्याची एक रीत अशी. पोकळ काचनळीच्या आतल्या अंगावर वायूंपासून काजळीसारखा सच्छिद्र सिलिकाचा थर चढवतात. अर्बियम क्लोराइडच्या द्रावणात तो भिजवतात, सुकवतात आणि नळी तापवून भरीव कांडी करतात. नुसत्या सिलिकात अर्बियमचे अणू गटागटाने जमतात आणि एकमेकांची ऊर्जा खाऊन टाकतात, म्हणून द्रावणात ॲल्युमिनियमही घालतात. ही कांडी भट्टीत मऊ करून तिचा केसाएवढा तंतू ओढतात. त्याच्या गाभ्यात अर्बियम दहा लाखांत काहीशे भाग एवढेच असते. अशा दहा-वीस मीटर तंतूचे वेटोळे ॲम्प्लिफायरमध्ये बसवले जाते. ९८० किंवा १४८० नॅनोमीटरचा छोटा लेसर या अर्बियमला ऊर्जा पुरवत राहतो. उत्तेजित झालेले अर्बियम ती ऊर्जा सुमारे एक शतांश सेकंद धरून ठेवते. दुरून थकून आलेला संदेश त्यातून जाताना प्रत्येक अणूकडून आपल्याच रंगाचा आणि आपल्याच तालाचा प्रकाश काढून घेतो, आणि शेकडोपट होऊन पुढे जातो. मध्ये कुठेही त्याची वीज होत नाही.

इंग्लंडपासून जपानपर्यंतची सुमारे २८,००० किलोमीटरची फ्लॅग तार १९९७ मध्ये सुरू झाली ती असे ॲम्प्लिफायर घेऊनच. मुंबईत ती विदेश संचार निगमच्या प्रभादेवीतल्या केंद्रात आली. इंडियन रेअर अर्थ्‌सचे मुख्य कार्यालयही प्रभादेवीतच, सिद्धिविनायक मंदिराजवळ आहे. एकीकडे दुर्मिळ मृदांच्या खनिजाचा कारभार, दुसरीकडे त्याच कुळातल्या मूलद्रव्यावर चालणारी तार, आणि दोन्ही एकाच वस्तीत! या योगायोगाकडे क्वचितच कोणाचे लक्ष गेले असेल. अर्थात आपल्या मोनाझाइटमध्ये सेरियम, लँथॅनम, निओडिमियम भरपूर आणि अर्बियम अगदी अल्प असते. अर्बियमसारख्या जड दुर्मिळ मृदांचा मोठा साठा दक्षिण चीनमधल्या चिकणमातीत आहे.

अर्बियमचा पट्टा रुंद असल्याने एकाच तंतूत अनेक रंगांचे संदेश एकदम वाढवता येतात. त्यामुळे १९९९ च्या सी-मी-वी-३ सारख्या तारांची क्षमता पुढे किनाऱ्यावरची उपकरणे बदलून कैकपट झाली, समुद्रातल्या तारेला हातही लावावा लागला नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट सुरू केले, त्यानंतरच्या दशकात मागणी झपाट्याने वाढत असताना या गुणाचा फार उपयोग झाला.

समुद्रतळावरच्या ॲम्प्लिफायरना लागणारी वीज किनाऱ्यावरून, तारेतल्या तांब्याच्या वाहकातून, हजारो व्होल्टच्या दाबाने पाठवतात. इथे रायगडच्या एका जुन्या संस्थेचा संबंध येतो. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार आणि त्यांची वीज चुंबकीय नोंदी बिघडवणार हे दिसताच तिथल्या कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवले. तिथल्या इमारतींत लोखंड वापरलेले नाही, कारण खिळासुद्धा सुई बिघडवतो. दोन्ही ठिकाणच्या नोंदी काही काळ समांतर घेऊन १८४० च्या दशकापासूनची मालिका अखंड राखली गेली. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड चुंबकीय वादळाची कुलाब्यात झालेली नोंद आजही जगभर अभ्यासली जाते. त्या वादळाने युरोप-अमेरिकेतली तारयंत्रे कोलमडली होती. काचेच्या तंतूतल्या प्रकाशाला चुंबकीय वादळ बाधत नाही, पण ॲम्प्लिफायरला वीज नेणाऱ्या लांबलचक तांब्यात ते दाब निर्माण करते. मार्च १९८९ च्या वादळात अटलांटिकखालच्या नव्या तारेवर हे मोजले गेले. अलिबागच्या नोंदी सांभाळणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था आता नवीन पनवेलला, म्हणजे याच जिल्ह्यात आहे.

तारांचे रोजचे शत्रू मात्र नांगर आणि ट्रॉलरची जाळी. जगात दरवर्षी दीडशे-दोनशे ठिकाणी तारा तुटतात आणि बहुतेक वेळा कारण हेच असते. मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरांकडे जाणारी जहाजे, रायगडच्या मच्छीमारांच्या बोटी आणि समुद्री तारा यांची वाट एकाच उथळ पाण्यातून जाते, म्हणून किनाऱ्याजवळ तारा तळाच्या गाळात पुरतात. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन तारा तुटल्या तेव्हा भारताची जवळपास निम्मी इंटरनेट-क्षमता काही दिवस गेली होती.

किनाऱ्यावरच्या गावांत अर्बियम पोचले ते केबल टीव्हीच्या धंद्यातून. तांब्याच्या केबलवर जागोजागी बसवलेले विजेचे ॲम्प्लिफायर खाऱ्या हवेत गंजत आणि वीज गेली की बंद पडत. चालकांनी तंतू टाकला तेव्हा कंट्रोल रूममध्ये ‘ईडीएफए’ नावाचा, म्हणजे अर्बियम तंतूच्या ॲम्प्लिफायरचा, पत्र्याचा डबा आला. त्याच्या तोंडावर प्रकाशाची ताकद सांगणारा डीबीएमचा आकडा दिसतो आणि मागे आठ-सोळा तोंडे असतात. प्रत्येक तोंडातून एका वाडीचा तंतू निघतो. आत अर्बियमबरोबर बहुधा यटर्बियमही असते. ते पुरवठ्याच्या लेसरचा प्रकाश जास्त शोषून अर्बियमला देते, त्यामुळे एकच डबा शेकडो घरांना पुरतो. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण बुबुळ जाळू शकतो, म्हणून जोडणी करणारी मुले नव्या पोराला सर्वांत आधी तोंडात डोकवायचे नाही हे सांगतात. घरापर्यंतच्या नव्या जोडण्यांत एकाच तंतूवर १५५० नॅनोमीटरवर टीव्ही आणि वेगळ्या तरंगलांब्यांवर इंटरनेट चालते. त्यातला टीव्हीचा प्रकाश या डब्यातल्या अर्बियमने वाढवलेला असतो.